बसल्या जागी नाडी का धावते?

मागच्या अंकात आरोग्य फेरीच्या वहीतील एका पानाचा फोटो छापला होता. तो पाहून दोघातिघा वाचकांनी विचारले, "वय, वजन, बीपी हे समजले. पण प्रत्येक नावापुढे नाडीचा आकडा कशासाठी? आणि काही आकड्यांभोवती लाल गोल का?" प्रश्न चांगला आहे. शिवाय तो फक्त पेंचच्या जंगलालगतच्या वस्त्यांपुरता नाही. आपल्या मंडळीतही "बसल्या बसल्या छाती धडधडते हो" असे सांगणाऱ्या बहिणी आणि भाऊ आहेत. म्हणून संपादकांनी मला सविस्तर लिहायला सांगितले.

मी परिचारिका आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून कन्हानला राहते आणि महिन्यातून दोनदा फेरीच्या गाडीतून पारशिवनी आणि रामटेक तालुक्यांतल्या गोंड वस्त्यांवर जाते. मी डॉक्टर नाही. निदान करणे आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम. पण नाडी मोजणे, तो आकडा लिहून ठेवणे आणि "हा असा का?" असा प्रश्न विचारणे एवढे काम कोणीही करू शकतो, आणि त्या एवढ्या कामाने जीव वाचतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

नेहमीचा आकडा कोणता?

मोठ्या माणसाचे हृदय आरामात असताना मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा ठोके देते. मिनिटाला ७० धरले तर दिवसाला एक लाखाच्या थोडे वर जातात. हा ताल हृदय स्वतःच धरते. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात एक बारीकशी गाठ असते, तिथून विजेचा सूक्ष्म झटका निघतो आणि सगळे हृदय आकुंचन पावते. ही गाठ आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघा संशोधकांनी १९०७ साली दाखवून दिली. ताल तिचा असला तरी वेग वाढवायचा की कमी करायचा याचे निरोप तिला मेंदूकडून, मज्जातंतूंमधून आणि रक्तातल्या संप्रेरकांमधून येत असतात. धावलो, घाबरलो, ताप आला, रक्त कमी झाले, की निरोप जातो आणि ठोके वाढतात.

म्हणून विहिरीवरून पाणी आणल्यावर नाडी १२० झाली तर ती ठीकच आहे. पाच-दहा मिनिटे बसल्यावर ती खाली आली पाहिजे. शांत बसून किंवा पडून असतानाही नाडी १०० च्या वर राहात असेल, तर त्याला डॉक्टर 'टॅकिकार्डिया' म्हणतात. हे रोगाचे नाव नाही. तापासारखेच हे एक लक्षण आहे. ताप आला म्हटल्यावर आपण "कशामुळे?" असे विचारतो, तसेच इथेही विचारायचे.

लहान मुलांचे माप वेगळे. नवजात बाळाची नाडी १२० ते १५० असली तरी घाबरायचे कारण नाही. शाळकरी मुलाची ७० ते ११० च्या आसपास असते. गरोदर बाईच्या अंगात रक्ताचे प्रमाण वाढते, त्यामुळे तिची नाडी नेहमीपेक्षा १० ते २० ने जास्त असते. उलट रोज धावणाऱ्या तरुणाची नाडी ५० असू शकते.

आणखी एक गोष्ट. १०० ही काही भिंत नाही. ज्याची नाडी वर्षानुवर्षे ६५ होती आणि आता महिनाभर ९५ येते आहे, त्याच्याही अंगात काहीतरी बदलले आहे. म्हणून आपला नेहमीचा आकडा माहीत असावा.

नाडी मोजायची कशी?

आपल्याकडे नाडी पाहण्याची परंपरा जुनी आहे. शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे, आणि आजही वस्तीवर वैदू मनगटावर तीन बोटे ठेवतो. आमची पद्धत साधी आहे. तीन बोटे तीच, फक्त सोबत सेकंदकाटा असलेले घड्याळ.

आधी पाच मिनिटे शांत बसा. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, खर्रा, बिडी काही नको. एका हाताची तीन बोटे दुसऱ्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखालच्या बाजूला हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्याला स्वतःचे स्पंदन असते आणि मोजणी चुकते. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर दोन ठोक्यांच्या चुकीचे आठ होतात, आणि ताल मध्येच चुकत असेल तर तो लक्षातच येत नाही.

तीन गोष्टी लिहा: किती, कशी, केव्हापासून. 'कशी' म्हणजे घड्याळासारखी एकसारखी, की अधूनमधून चुकणारी, की अगदीच बेताल. शक्य असेल तर तीन दिवस सकाळी उठल्यावर, अंथरुणातच मोजा. एका दिवसाचा एक आकडा फारसे सांगत नाही. दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसल्यावर अनेकांची नाडी तशीही वाढते.

कोरोनाच्या काळात पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्यावर दोन आकडे दिसतात. एक ऑक्सिजनचा, तो बहुधा ९५ ते १०० असतो. दुसरा नाडीचा. "माझा आकडा ९८ आहे, सगळे चांगले" असे सांगणाऱ्यांनी आपण कोणता आकडा वाचतो आहोत हे एकदा तपासावे. बोटे थंड असली किंवा नखाला रंग असला तर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते. तेव्हा मनगटावर मोजून खात्री करा.

अर्ध्या घमेल्याचा हिशेब

आमच्या वहीतल्या लाल गोलांमागे सर्वांत जास्त वेळा जे कारण निघते ते हृदयाचे नसतेच. ते रक्ताचे असते.

वीटभट्टीवर काम करणाऱ्यांना हे लगेच समजते. घमेले भरून माती नेली तर दहा फेऱ्या लागतात. घमेले अर्धेच भरले तर वीस. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलते आणि अंगभर पोचवते. हिमोग्लोबिन निम्मे झाले की प्रत्येक फेरीत निम्माच माल जातो. शरीराची गरज मात्र तेवढीच राहते. मग हृदयापुढे फेऱ्या वाढवण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. नाडी धावते ती त्यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे हिमोग्लोबिन गरोदर नसलेल्या बाईचे १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असले तर त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे हा प्रश्न फक्त जंगलातल्या वस्तीचा नाही. या अंकाच्या वाचकांच्या घरांतही तो आहे.

पेंचच्या बाजूच्या एका गावातली तिशीच्या आतली एक बाई सांगते. नाव आणि गाव मुद्दाम लिहीत नाही. तिची तक्रार एवढीच, "जीव घाबरा होते, सिस्टर. चढाव चढला का दम लागते." घरच्यांनी ठरवले होते की ही फार विचार करते. नवरा कामाला नागपूरला, सासूशी पटत नाही, म्हणून धडधड. गावात येणाऱ्या एकाने तिला दोनदा सलाईन लावून दिले होते आणि झोपेची गोळी दिली होती. बसून, पाणी पिऊन, दहा मिनिटांनी मोजली तर नाडी ११८. खालची पापणी ओढून पाहिली तर आतली बाजू पांढरट. हिमोग्लोबिन निघाले ६.१.

दोन वर्षांच्या अंतराने तीन बाळंतपणे, पाळीत जास्त रक्तस्राव, शेतात अनवाणी काम आणि त्यामुळे पोटात आकडी जंत. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. तिला रुग्णालयात नेले, जंताचे औषध आणि लोहाचे उपचार सुरू झाले, पाळीच्या तक्रारीवर इलाज झाला. साडेतीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.८ आणि नाडी ८४. सासूशी तिचे तेव्हाही पटत नव्हते. नाडी मात्र शांत झाली होती.

लोहाच्या गोळ्यांबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, गोळीबरोबर चहा घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा सोबत घेतला तर जास्त लागते. दुसरी, शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका. तिसरी, बरे वाटले म्हणून थांबू नका. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही अंगातला साठा भरायला आणखी काही महिने गोळ्या लागतात. शेवगा, आंबाडी, पावसाळ्यातला तरोटा या भाज्या चांगल्याच आहेत. पण सहावर आलेले हिमोग्लोबिन नुसत्या भाजीने वर येत नाही.

शिकागोतला विद्यार्थी आणि आपले नागपूर

रक्ताचेच दुसरे एक कारण आपल्या भागात विसरून चालत नाही. ते म्हणजे सिकलसेल.

१९०४ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या एका रुग्णालयात दंतवैद्यकाचा एक तरुण विद्यार्थी आला. नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल, मूळचा ग्रेनाडा बेटावरचा. त्याच्या तक्रारींत धडधड आणि दम लागणे होते, आणि आपल्या जास्त धूम्रपानामुळे हे होते अशी त्याची समजूत होती. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनी त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा गोल पेशींऐवजी विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या. १९१० साली डॉ. जेम्स हेरिक यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. वैद्यकाच्या नियतकालिकांत सिकलसेलचे झालेले ते पहिले वर्णन. धडधडीचे खापर सिगारेटवर फुटले होते, मूळ कारण रक्तात होते.

भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले. तेव्हापासून विदर्भाचे नाव या आजाराशी जोडलेले आहे. तो आदिवासी समाजांत जास्त आढळतो, पण इतर समाजांतही आहे. "आमच्यात नसते" असे कोणी समजू नये.

निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणजे घमेली अर्धी तर आहेतच, वर ती रोज मोडतही आहेत. म्हणून अशा रुग्णाचे हिमोग्लोबिन कायम कमी आणि नाडी बहुधा जलद असते. ताप, अंगातले पाणी कमी होणे, थंडी किंवा जास्त श्रम यांनी वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, छाती, पोट असह्य दुखू लागते. नेहमी ९५ असणारी नाडी एकाएकी १३० झाली, सोबत ताप किंवा छातीत दुखणे असले, तर अशा रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचे. सकाळची वाट पाहायची नाही.

इथे एक फरक समजून घ्या. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक आले असेल तर ती व्यक्ती वाहक असते. वाहकाला सहसा या कारणाने रक्तक्षय होत नाही. म्हणून "कार्डावर वाहक लिहिले आहे, त्यामुळेच धडधडत असेल" असे म्हणून थांबू नका. त्याचे कारण दुसरे कुठेतरी शोधावे लागेल. दोन्हीकडून जनुक आले तर आजार होतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणूनच लग्नाआधी रक्त तपासून घ्यायला आम्ही सांगतो. मंडळीतल्या पाळकांनीही हे सांगावे, अशी माझी विनंती आहे.

सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. त्यांच्या अंगात लोह कमी असतेच असे नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात ते जास्तही झालेले असू शकते. त्यांना फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया हे औषध दिले जाते. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झाले. सरकारी रुग्णालयांत तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे, हे रुग्णांच्या कुटुंबांना सांगायला विसरू नका.

आणखी काय काय असू शकते?

ऊन आणि पाणी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि त्याच दिवसांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. घामाने किंवा जुलाबाने अंगातले पाणी गेले की रक्त आटते आणि हृदय वेग वाढवून भरपाई करते. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात घोळून थोडे थोडे प्यायचे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट आणि चहाचे. अंग तापले, माणूस बरळू लागला, तर त्याला सावलीत नेऊन ओल्या कपड्याने गार करा आणि गाडी बोलवा. तो उष्माघात असू शकतो.

ताप आणि जंतुसंसर्ग. ताप एक अंश फॅरनहाइटने वाढला की नाडी साधारण दहाने वाढते. ताप उतरला की नाडी उतरते. बारीक ताप, खोकला, घटलेले वजन आणि जलद नाडी असे आठवड्यामागून आठवडे चालले असेल तर क्षयरोगाची तपासणी करा.

थायरॉइड. गळ्यातली ही ग्रंथी जास्त काम करू लागली की भूक लागूनही वजन घटते, हात थरथरतात, उकडते, झोप येत नाही आणि नाडी रात्री झोपेतही जलद राहते. साध्या रक्ततपासणीत हे कळते आणि औषधाने आटोक्यात येते.

हृदयाच्या झडपा. लहानपणी घसा वारंवार दुखतो, मग कधी गुडघे, घोटे सुजतात, ताप येतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपांवर डाग ठेवून जातो. तो दिसतो दहा-पंधरा वर्षांनी, बहुतेक वेळा पहिल्या गरोदरपणात. दम लागतो, नाडी जलद आणि बेताल होते. असा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते चुकवू नये, कारण प्रत्येक नव्या हल्ल्याने झडप आणखी बिघडते.

हृदयातली वीज. काहींची धडधड बटण दाबल्यासारखी एकाएकी सुरू होते, नाडी १५० ते २०० होते, आणि तशीच एकाएकी थांबते. हा तालाचा बिघाड असतो. दवाखान्यात पोचेपर्यंत तो थांबलेला असतो, म्हणून ईसीजी चांगला येतो आणि "काही नाही" असे ऐकावे लागते. धडधड सुरू असतानाच जवळच्या ठिकाणी ईसीजी काढून घेतला तर निदान होते. नाडी अगदी बेताल असेल तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन लकवा येण्याचा धोका असतो, तिथे उशीर नको.

खर्रा, चहा, दारू, औषधे. आपल्या भागात खर्रा तोंडात ठेवूनच माणूस तपासायला बसतो. तंबाखूतले निकोटिन नाडी वाढवते. दारूच्या दुसऱ्या दिवशी आणि रोजची दारू एकदम बंद केल्यावरही नाडी धावते. सर्दीच्या काही गोळ्या आणि दम्याचे औषध यांनीही ती वाढते. दम्याचे औषध स्वतःहून बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगा.

काळजी आणि दुःख. हे कारण खरे आहे. घरात मृत्यू झाला, कर्ज डोक्यावर आहे, तर छाती धडधडते. अशा माणसाजवळ बसणे, त्याचे ऐकणे, हाही उपचारच आहे. पण हे कारण मी शेवटी लिहिले आहे, आणि ते शेवटीच धरावे. बाईने धडधड म्हटले की लोक सर्वांत आधी 'टेन्शन' म्हणतात आणि तपासणी तिथेच थांबते. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी पाहा. ते सगळे नीट निघाले तर मग मनाकडे वळा.

आकडा दाबू नका

नाडी जलद आहे म्हटल्यावर ती कमी करणारी गोळी औषधाच्या दुकानातून आणून घेण्याची सवय वाढते आहे. योग्य रुग्णाला डॉक्टरांनी दिली तर ती गोळी चांगली आहे. पण ज्याचे रक्त कमी आहे, ज्याला आतून रक्तस्राव होतो आहे, त्याचे हृदय धावते आहे म्हणूनच तो जिवंत आहे. त्याचा वेग गोळीने कमी करणे म्हणजे घमेली अर्धी ठेवून मजुराचे पाय बांधणे. दमेकऱ्याला तर त्यातल्या काही गोळ्यांनी श्वास कोंडू शकतो.

सलाईनचेही तसेच. अंगातले पाणी गेले असेल तर सलाईन जीव वाचवते. पण रक्तक्षय फार असेल तर हृदय आधीच थकलेले असते. त्यात बाटलीभर पाणी भरभर गेले की फुप्फुसात पाणी साचू शकते. शिवाय सलाईनमध्ये रक्तही नाही आणि लोहही नाही. "अशक्तपणा आहे, एक बाटली लावून द्या" हा हट्ट सोडला पाहिजे.

आणि जलद नाडी तशीच सोडून देणेही बरे नाही. हृदयाच्या स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळते. वेग वाढला की तो विसावा कमी होतो. महिनोन्महिने असे चालले तर चांगले हृदयही कमजोर होते. कारण वेळेवर दूर केले तर ते पुष्कळदा पुन्हा सावरते.

थांबायचे नाही अशा वेळा

आरामात नाडी जलद आणि सोबत पुढीलपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करा: छातीत दुखणे किंवा दडपण, बसल्या जागी दम लागणे, चक्कर येऊन पडणे, ओठ निळे पडणे, बरळणे, एका बाजूची शक्ती जाणे, किंवा नाडी एकाएकी १५० च्या वर जाऊन न उतरणे.

बाळंतिणीबद्दल वेगळे सांगते. बाळंतपणानंतर रक्त जास्त जाऊ लागले की तरुण बाईचे बीपी बराच वेळ टिकून राहते आणि मग एकदम कोसळते. नाडी मात्र त्याच्या आधीच धावू लागते. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याला गाठू लागला, म्हणजे नाडी १०५ आणि बीपी १०५, तर तो मोठा धोका समजावा. कापड किती भिजले याचा अंदाज चुकतो, नाडी सहसा चुकत नाही. घरी बाळंतपण करणाऱ्या सुईणींना आम्ही एवढे एक आवर्जून शिकवतो.

आपण काय करू शकता?

पहिले, या रविवारी घरातल्या प्रत्येकाची नाडी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. पुढे कधी आजारपण आले तर तो आकडा डॉक्टरांच्या उपयोगी पडेल. आरामात तीन दिवस १०० च्या वर आली तर तपासून घ्या. हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्ततपासणी, थायरॉइड आणि ईसीजी एवढ्या तीन साध्या तपासण्यांतून बहुतेक वेळा दिशा कळते.

दुसरे, तुमच्या घरी धुणीभांडी करायला, बांधकामावर किंवा भट्टीवर येणाऱ्या बाईला दम लागताना दिसला, तर "जरा बस" म्हणा आणि तिला तपासणीसाठी अर्धा दिवस मोकळा द्या, पैसे न कापता. आमच्या वहीत गोल पडलेल्या पुष्कळ बायका दवाखान्यात पोचत नाहीत, कारण त्या दिवसाची मजुरी बुडते. तपासणी सरकारी रुग्णालयात होऊ शकते, पण बुडालेली मजुरी तिला कोणी देत नाही.

तिसरे, फेरीसाठी. आम्हाला सेकंदकाट्याची साधी मनगटी घड्याळे हवी आहेत. प्रत्येक वस्तीवर एका बाईला नाडी मोजायला शिकवून तिच्याकडे घड्याळ आणि वही ठेवायची, असे ठरले आहे. सात वस्त्यांवर सुरुवात झाली आहे. आता फेरीची गाडी पोचण्याआधीच त्या वहीत लाल गोल असतात, आणि गाडी थांबली की कोणत्या घरी आधी जायचे हे आम्हाला कोणाला विचारावे लागत नाही.